एक द्रव्य, दोन तराजू

माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद आणि लसण्या ही नऊ नावे व्यापारी घरांतील मुलांना वेगळी शिकवावी लागत नाहीत. दुकानाच्या गादीवर बसता बसता ती कानांवर पडतात आणि कायमची स्मरणात राहतात. या नऊ नावांच्या बाहेर मात्र खनिजांचे फार मोठे जग आहे. त्या जगात असा एक हिरवट-निळा स्फटिक आहे की ज्याचा उत्तम नमुना मिळावा म्हणून जगभरातील संग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहतात. आणि जव्हेरी बाजारातील मुरलेल्या व्यापाऱ्यालाही त्याचे नाव कदाचित दोनदा विचारून घ्यावे लागेल. त्याचे नाव फॉस्फोफिलाइट.

नाव अवघड असले तरी त्याचे कूळ अपरिचित नाही. तो फॉस्फेट वर्गातील आहे. माणसाची हाडे आणि दात मुख्यतः कॅल्शियमच्या फॉस्फेटचे बनलेले असतात. शेतात पडणाऱ्या खताच्या पोत्यात फॉस्फेट असते. अंगठीतला पिरोजा हेदेखील तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे फॉस्फेटच होय. फॉस्फोफिलाइटमध्ये जस्ताचे दोन भाग, लोखंडाचा एक, फॉस्फेटचे दोन आणि पाण्याचे चार भाग असतात. यांपैकी एकही घटक दुर्मीळ नाही. जस्त पत्र्यावर चढते, लोखंड सर्वत्र आहे आणि पाण्याविषयी तर बोलायलाच नको. चार स्वस्त घटक एकत्र आल्यावर बहुमोल वस्तू कशी तयार होते, हा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे तितकाच व्यापाराचाही आहे.

या खनिजाचे पहिले शास्त्रीय वर्णन १९२० साली हाइनरिश लाउबमान आणि हेर्मान श्टाइनमेट्स या जर्मन संशोधकांनी केले. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील हागेनडॉर्फ येथे पेग्मटाइट नावाच्या मोठ्या दाण्यांच्या खडकात ते सापडले होते. त्या खडकातील जस्ताचे आणि फॉस्फेटचे मूळ खनिज पाण्याच्या संगतीने हळूहळू बदलत गेले आणि त्या बदलातून हे नवे खनिज जन्मास आले. नावातील ‘फॉस्फो’ म्हणजे फॉस्फेट आणि ‘फिलॉन’ म्हणजे ग्रीक भाषेतील पान. एका ठरावीक दिशेने हलका धक्का बसला तरी हा स्फटिक पानासारखा सुटतो, म्हणून हे नाव. खनिजाचा सर्वांत मोठा दोष त्याच्या नावातच नोंदवून ठेवला आहे, असे म्हटले तरी चालेल.

हा दोष लहानसहान नाही. काठिण्याच्या मोहस श्रेणीत हिरा दहाव्या स्थानी, माणिक व नीलम नवव्या, तर पाचू साडेसात ते आठच्या दरम्यान येतो. फॉस्फोफिलाइट तीन ते साडेतीन या पायरीवरच थांबतो. चाकूच्या टोकाने त्यावर सहज ओरखडा उठतो. मोतीही मऊच असतो. पण मोती चिवट असतो आणि त्याला पैलू पाडावे लागत नाहीत. फॉस्फोफिलाइट मऊ आहे, ठिसूळ आहे आणि पानासारखा सुटणाराही आहे. तीनही अवगुण एकाच ठिकाणी. त्यामुळे अंगठीसाठी तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. रोजच्या वापरातील एका आघातात तो संपेल.

हागेनडॉर्फचे स्फटिक लहान होते. संशोधकांना त्यांचे अप्रूप वाटले, परंतु बाजाराने त्यांची फारशी दखल घेतली नाही. या खनिजाला कीर्ती मिळाली ती १९५० च्या दशकात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, बोलिव्हियातील पोतोसी येथे. तेथील ऊनिफिकादा खाणीत काही सेंटीमीटर लांबीचे, पारदर्शक, सागराच्या उथळ पाण्याची आठवण करून देणाऱ्या रंगाचे स्फटिक मिळाले. आजही उत्तम फॉस्फोफिलाइट म्हटले की संग्राहकाच्या तोंडी पोतोसीचेच नाव येते. त्या प्रतीचे स्फटिक पुढे क्वचितच हाती लागले.

पोतोसी हे नाव मात्र व्यापाराच्या इतिहासात फार जुने आहे, आणि त्याचा धागा सुरतेपर्यंत येतो. सुमारे ४,८०० मीटर उंचीच्या सेरो रिको, म्हणजे ‘श्रीमंत डोंगर’, या पर्वतात १५४५ साली चांदी सापडली. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर, जिथे धाप लागल्यावाचून चार पावले चालवत नाही, तिथे एक नगर उभे राहिले. सतराव्या शतकाच्या आरंभी त्याची वस्ती दीड लाखाच्या आसपास पोहोचली होती. ही चांदी नाण्यांच्या रूपाने स्पेनला गेली, तेथून युरोपच्या पेढ्यांत फिरली आणि मसाले, कापड, नीळ यांची किंमत म्हणून लाल समुद्राच्या व आखाताच्या वाटेने, तशीच आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजांतून, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. मोगल राज्यात परकी नाणी चलनात चालत नसत. ती टांकसाळीत द्यायची, वितळवायची, टांकसाळीचा आकार भरायचा आणि रुपये घडवून घ्यायचे, असा रिवाज होता. सुरतेच्या टांकसाळीत अमेरिकेची चांदी अशा रीतीने रुपया होत असे.

त्या काळात सुरतेचे जैन व्यापारी वीरजी व्होरा इंग्रज कंपनीला कर्जे देत होते. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा त्यांच्या वाड्यातूनही मोठा ऐवज गेला. त्या ऐवजात पोतोसीच्या डोंगरातून निघालेली थोडीफार चांदी नसेलच असे कोण म्हणू शकेल? व्यापारी कुटुंबांच्या जुन्या चोपड्यांत ‘रियाल’ हा शब्द आढळला, तर त्याच्या मागे हा सारा प्रवास आहे हे ध्यानात ठेवावे.

मात्र या प्रवासाच्या खात्यात एक नावेची बाजूही आहे, आणि ती झाकून जमेची बाजू वाचणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १५७० च्या दशकात स्पेनचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने ‘मिता’ नावाची सक्तीच्या मजुरीची पद्धत लागू केली. आसपासच्या प्रांतांतील कर्त्या मूळनिवासी पुरुषांपैकी सातवा हिस्सा पाळीपाळीने खाणीत पाठवला जाई. चांदी वेगळी काढण्यासाठी पारा वापरत. त्याची विषारी वाफ आणि खाणीतील धूळ यांनी किती आयुष्ये संपली याची मोजदाद इतिहासकार आजही करीत आहेत. चांदी विरळ झाल्यावर विसाव्या शतकात कथिलाचे दिवस आले. १९५२ च्या क्रांतीनंतर मोठ्या खाणी सरकारच्या ताब्यात गेल्या. १९८५ साली कथिलाचा भाव कोसळला आणि सरकारी खाणी ओस पडू लागल्यावर खाणकामगारांच्या सहकारी संस्था तिथे काम करू लागल्या. इतकी शतके पोखरला गेलेला डोंगर आता माथ्याकडून खचतो आहे. जागतिक वारसा म्हणून १९८७ साली नोंदलेले हे नगर युनेस्कोने २०१४ साली धोक्यातील वारशांच्या यादीत टाकले.

अशा डोंगराच्या पोटात, चांदी आणि कथिलाच्या शिरांशेजारच्या पोकळीत, हा नाजूक स्फटिक शांतपणे वाढला. तो बाहेर आला कसा, हे नीट पाहिले तर किमतीची पहिली पायरी सापडते. खाणीचे काम सुरुंगाचे असते. कथिलासाठी सुरुंग लावणाऱ्याला हिरवट स्फटिकाचे काही देणेघेणे नसते. अर्धवट अंधारात, धुळीत, दिव्याच्या मर्यादित प्रकाशात एखाद्या कामगाराची नजर त्या पोकळीवर पडली, त्याने पहार बाजूला ठेवली आणि हाताने स्फटिक सोडवला, तरच तो जगापुढे येतो. त्या क्षणी पारख करणारा पहिला माणूस तो खाणकामगार असतो. पुढे दलाल, व्यापारी, संग्राहक, संग्रहालय अशी साखळी जुळत जाते आणि प्रत्येक कडीवर किंमत वाढत जाते. त्या पहिल्या हाताला मिळालेला वाटा मात्र साखळीतील सर्वांत लहान असतो. कापूस, तेलबिया, कांदा यांचा व्यापार जवळून पाहिलेल्या वाचकांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रातील परिस्थितीही याहून वेगळी नाही. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतून खडी काढताना बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅव्हान्साइट नावाचे गडद निळे खनिज मिळाले. ते प्रथम अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सापडले होते, पण त्याचे जगातील सर्वोत्तम नमुने वाघोलीचे मानले जातात. जळगाव, नाशिक, पुणे या भागांतील ॲपोफिलाइटही जगभरच्या संग्रहांत मानाने ठेवलेले असते. त्याच्याही नावात पानासारखे सुटण्याचाच अर्थ आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ही संपत्ती पाहता येते. रस्त्याच्या खडीसाठी फोडलेल्या दगडात जगाला हवीशी वाटणारी वस्तू असू शकते, हे तेथे गेलेल्या पाहुण्याला चटकन पटते.

फॉस्फोफिलाइटची किंमत ठरते तरी कशी? सोन्याचा भाव रोज छापून येतो. दहा ग्रॅम शुद्ध सोने मुंबईत आणि सांगलीत एकाच मोलाचे. स्फटिकाच्या बाबतीत प्रत्येक नग हा स्वतंत्र बाजार असतो. रंग किती खोल आहे, टोके अभंग आहेत काय, स्फटिक मूळ खडकावर बसलेला आहे की सुटा, तो कोणत्या खाणीचा, पूर्वी कोणाच्या संग्रहात होता, सोबत जुनी चिठ्ठी आहे काय, या साऱ्यांवर भाव ठरतो. पिवळी पडलेली ती चिठ्ठी हरवली तर दगड तोच राहतो, पण मोल घटते. मालमत्तेइतकेच तिच्या कागदपत्रांना महत्त्व असते, ही गोष्ट कर्जाची प्रकरणे हाताळणाऱ्यास चांगली ठाऊक असते.

जव्हेऱ्याच्या नेहमीच्या हिशेबाला येथे एक विलक्षण कलाटणी मिळते. हिऱ्याचा कच्चा खडा पैलू पाडल्यावर महाग होतो. फॉस्फोफिलाइटचा मोठा निर्दोष स्फटिक मात्र जसा निसर्गाने घडवला तसाच मौल्यवान असतो. त्याला पैलू पाडणे म्हणजे भांडवल मोडून खाणे. शिवाय घासताना तो दुभंगण्याचे भय कायम. म्हणून बहुधा तुटलेल्या तुकड्यांतूनच पैलूदार खडे घडवले जातात आणि ते फारच थोडे असतात. कारागिराने हात लावू नये यातच ज्याचे मोल टिकते, असे रत्न व्यापाऱ्याच्या हाती क्वचितच येते.

अलीकडे तरुण पिढीला हे नाव एका निराळ्याच वाटेने कळले आहे. जपानी चित्रकथाकार हारुको इचिकावा यांच्या ‘होसेकी नो कुनी’, म्हणजे ‘रत्नांचा देश’, या २०१२ ते २०२४ या काळात प्रसिद्ध झालेल्या चित्रकथेचे मुख्य पात्र फॉस्फोफिलाइट हेच आहे. रत्नांच्या त्या समाजात ते सर्वांत लहान आणि सहज तुटणारे असल्याने त्याला लढाईवर कोणी नेत नाही. आपणही कोणाच्या तरी उपयोगी पडावे, एवढीच त्याची धडपड असते. तुटलेल्या अवयवांच्या जागी दुसरी द्रव्ये बसत जातात आणि प्रत्येक हरवलेल्या तुकड्याबरोबर त्याची थोडी स्मृतीही जाते. कथा काल्पनिक असली तरी लेखिकेने नायक निवडताना काठिण्याचा तक्ता नीट वाचला होता, हे उघड आहे.

त्या कथेतील नायकाची उपयोगी पडण्याची इच्छा प्रत्यक्षात मात्र केव्हाच पूर्ण झाली आहे. बहुतेक संग्राहकांच्या आणि जव्हेऱ्यांच्याही लक्षात ही गोष्ट येत नाही. पोलादी पत्र्याला रंग देण्यापूर्वी त्यावर फॉस्फेटचा थर चढवतात. कारखानदार या कामास फॉस्फेटिंग म्हणतात. इंग्लंडमधील थॉमस वॉट्स कॉस्लेट याने १९०६ साली या पद्धतीचे एकस्व घेतले आणि पुढे तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या. पावडर कोटिंगच्या लहान कारखान्यांतही ‘सात टाक्यांची पद्धत’ परिचित आहे. तेलकटपणा काढणे, धुणे, गंज उतरवणे, पुन्हा धुणे, फॉस्फेटची टाकी, पुन्हा धुणे आणि शेवटचे संरक्षक स्नान, असा साधारण क्रम असतो.

फॉस्फेटच्या टाकीत जस्तयुक्त आम्लद्रव असतो. पत्रा आत गेला की आम्ल त्याच्या पृष्ठभागावरील किंचित लोखंड विरघळवते. या क्रियेत पत्र्यालगतचे आम्ल खर्ची पडते आणि तेथील द्रवाची तीव्रता उतरते. तीव्रता उतरताच जस्त, नुकतेच सुटलेले लोखंड, फॉस्फेट आणि पाणी एकत्र येऊन पत्र्यावरच स्फटिकरूपाने बसतात. दोन भाग जस्त, एक भाग लोखंड, दोन फॉस्फेट, चार पाणी. हा फॉस्फोफिलाइटच होय. जेथे लोखंड पुरेसे मिळत नाही तेथे, उदाहरणार्थ जस्त चढवलेल्या पत्र्यावर, होपाइट नावाचे त्याचे भावंड बनते; त्यात लोखंडाची जागाही जस्तानेच घेतलेली असते. आधुनिक टाक्यांत मँगनीज आणि निकेलही मिसळतात, त्यामुळे थराची जडणघडण थोडी बदलते. तरीही पोलादावर फॉस्फोफिलाइटचा अंश अधिक असलेला थर चांगला टिकतो, असा अनुभव असल्याने प्रयोगशाळेत या दोन खनिजांचे प्रमाण क्ष-किरणांनी तपासण्याची पद्धत रूढ झाली.

हे स्फटिक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतात. डोळ्यांना दिसतो तो केवळ करडा, मळकट थर. त्याच्या खडबडीत अंगात रंग घट्ट रुततो आणि एखाद्या ठिकाणी ओरखडा उठला तरी गंज रंगाखाली दूरवर पसरत नाही. चार मोसमी पावसाळे खाल्लेली मोटार, स्वयंपाकघराबाहेरचे लोखंडी कपाट, दुकानाच्या कोपऱ्यातील पोलादी मांडणी यांच्या रंगाखाली असा थर असतो. रंग चढला की तो पुन्हा कोणाला दिसत नाही. त्याची चिठ्ठी नाही, प्रदर्शन नाही, भावही नाही. काम चोख झाले तर त्याची आठवणही होत नाही. गंजाचा डाग उमटला तरच कारखान्याकडे तक्रार जाते.

एकच द्रव्य एका ठिकाणी काचेच्या पेटीत मखमलीवर बसते, दुसऱ्या ठिकाणी रंगाखाली गाडले जाते. ॲडम स्मिथने १७७६ साली पाणी आणि हिरा यांचे उदाहरण देऊन उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील भेद दाखवला, हे वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेले असते. पण तेथे पदार्थ दोन होते. फॉस्फोफिलाइटमध्ये पदार्थ एकच असून तराजू मात्र दोन आहेत. पहिल्या तराजूत दुर्मीळ रूप मोजले जाते आणि दुसऱ्यात घडलेली सेवा. दोन्ही तराजू आपापल्या जागी खरे आहेत. गल्लत होते ती एका तराजूत तोललेली वस्तू दुसऱ्याच्या वजनांनी मोजण्यात.

व्यापारी कुटुंबांत ही गल्लत महाग पडू शकते, कारण दुर्मीळ खडे आणि खनिजे ‘गुंतवणूक’ म्हणून घेण्याचा सल्ला देणारे अलीकडे भेटू लागले आहेत. तारण स्वीकारताना बँक तीन गोष्टी पाहते: मूल्य निश्चित करता येते काय, मालकी सिद्ध होते काय आणि गरज पडल्यास वस्तू विकता येते काय. दागिन्यावर कर्ज देताना खड्यांचे वजन वजा करून निव्वळ सोन्यावरच रक्कम मंजूर होते, ती याच कारणाने. खडा खरा असतो, सुंदरही असतो; पण विकायच्या दिवशी त्याचा गिऱ्हाईक शेजारी उभा असेलच याची हमी कोण देणार? अडचणीच्या दिवशी मोडता येत नाही अशी वस्तू कितीही मोलाची असली तरी तिला आधार म्हणून धरू नये.

वाटणीच्या वेळी तर हा भेद अधिकच टोचतो. सोने तोळ्यांनी वाटता येते, जमीन गुंठ्यांनी, पेढीतील हिस्सा टक्क्यांनी. अभंग स्फटिकाचे दोन भावांत दोन भाग केले तर दोघांच्याही हाती चुरा येतो. म्हणून असा नमुना ज्यांना घ्यावासा वाटेल त्यांनी तो शिलकीच्या पैशातून, डोळ्यांच्या सुखासाठी आणि निसर्गाच्या कारागिरीविषयी आदर म्हणून घ्यावा. पावती आणि चिठ्ठी जपून ठेवावी, त्याला उष्णतेपासून, धक्क्यापासून आणि दागिने धुण्याच्या यंत्रापासून दूर ठेवावे, आणि तो पुढे कोणाकडे जाईल हे हयातीतच लिहून ठेवावे. ज्याला त्याची आवड आहे त्याच्याकडे तो जावा. इतरांचा हिस्सा दुसऱ्या जिनसांतून पुरा करावा.

घरातील मुलांना हा स्फटिक दाखवताना पोतोसीच्या डोंगराची आणि पहार बाजूला ठेवणाऱ्या त्या हाताची गोष्टही सांगावी. आणि दारात उभ्या असलेल्या गाडीच्या पत्र्यावर एकदा बोट ठेवून तेच खनिज तेथेही आहे हेही त्यांना सांगावे. गाडी विकताना त्या थराची किंमत कोणी वेगळी धरत नाही. तरी गाडी पुढच्या मालकाच्या दारात गेली, की तेथील पावसाळाही तो सोसू लागतो.